गोजरबाईचे दोन हात

आमच्या एन-दोन वसाहतीतल्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतं ते मला विचारा. किती वेळात शिजतं ते गोजरबाईला. मुकुंदवाडीहून ती सकाळी सहाला यायची आणि साडेअकराला चार घरांचा स्वयंपाक संपवून परत जायची. पहिलं घर मोनिकाचं, शेवटचं आमचं. आमचं म्हणजे माझ्या सुनेचं. मी तिथं जेवते आणि नावं ठेवते, दोन्ही वेळच्या वेळी.

बाई ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली, वैजापूरकडची. नवरा कडुबा वाळूजला एका कारखान्यात पहिल्या पाळीला. कंपनीची बस अंधारातच यायची, म्हणून त्याचा डबा ती पाचच्या आत भरायची. वेळ वाचवायच्या तिच्या युक्त्या ऐकायला ऑफिसात जाणाऱ्या सुना ओट्यापाशी घुटमळायच्या. लसूण कोमट पाण्यात टाकून ठेवायचा, सालं सुटून वर येतात. आलं-मिरचीचं वाटण बर्फाच्या साच्यात गोठवायचं, रोज एक वडी काढायची. दाण्याचा कूट एकदम आठवड्याचा. कुकरात डाळ, भात, बटाटे एकावर एक. आणि मेथी निवडायची ती टीव्हीपुढं, नवऱ्याच्या मांडीवर जुडी ठेवून. "त्येंचे डोळेच तेवढे कामात असतात ताई, हात रिकामेच," असं ती म्हणायची आणि सुना खिदळायच्या.

पण तिचं खरं बिरुद म्हणजे येसर. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने आणि मसाले भाजून दळलेलं पीठ ते. पाण्यात कालवून उकळीला सोडलं आणि वर लसणाची फोडणी दिली की दहा मिनिटांत अशी आमटी तयार, की जेवणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी. येसर तिच्या आईकडून आलेलं. प्रमाण काढून घ्यायला मी तीन वर्षं खणलं. "काकू, मलाच नाय माहीत. हाताला माहीत हाय," एवढंच तिचं उत्तर. मला वाटायचं, बाई लबाड आहे. ती खरंच बोलत होती.

आता मोनिकाच्या सासूची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. लीलाबाई तीन वर्षांपूर्वी वारली, कपाळी कुंकू घेऊन. यजमान हयात आहेत, धाकट्या मुलाकडं पुण्यात. लीलाबाई माहेरची पुण्याकडचीच. तीस-पस्तीस वर्षं मराठवाड्याचं पाणी प्याली, पण गूळ काही सोडला नाही. आमटीत गूळ, पिठल्यात गूळ, भेंडीतसुद्धा गूळ. शिवाय डावखुरी. चिरायची डाव्या हातानं, ढवळायची डाव्या हातानं, आणि बोलायची मात्र दोन्ही बाजूंनी. माझं तिचं अजिबात पटायचं नाही, म्हणून आम्ही रोज दोन तास बोलायचो.

सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं पितृपंधरवड्यात नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. ती पाटावर बसली की तेवढ्यापुरती ती गेलेली बाई. तिच्या पायांवर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची. सुनेनं रांधायचं आणि पाटावरच्या बाईनं हात मांडीवर ठेवून जेवायचं. तिनं त्या दिवशी त्या घरच्या चुलीला शिवायचं नसतं, आणि जेवण होईपर्यंत पाटावरून उठायचं तर मुळीच नसतं.

गेल्या पितृपंधरवड्यात नवमी नेमकी सोमवारी आली. तशात आमच्या गल्लीला आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. हे दोन्ही एका दिवशी येणं म्हणजे काय, ते आमच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. मोनिका एका हातानं मोटर चालू करतेय, दुसऱ्या हातानं ऑफिसच्या फोनवर बोलतेय, आणि तिचा नवरा शिवम टाकी भरून वाहीपर्यंत आंघोळीला थांबून राहिलाय. स्वयंपाक सगळा गोजरबाईनं केला: खीर, कढी, वडे, गवार, भोपळा. मी सहज गेले होते. माझी सून म्हणते, मी सहज कुठंच जात नाही.

साडेआठला ठरवलेल्या सवाष्णीचा फोन आला. "अगं, आमच्याकडं पण पाणी आलंय, मी नाही येत."

मोनिकानं कपाळाला हात लावला. दहाला तिला ऑफिसात पोहोचायचं होतं. ती स्वयंपाकघरात आली, गोजरबाईकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"मावशी, तुम्हीच बसा ना पाटावर! नाहीतर दुसरी कुणी शोधायला तास जाईल."

गोजरबाईच्या हातातला झारा थांबला. "मी? आवो ताई, रांधणारीनं बसू नाय."

"कुठं लिहिलंय?"

"असलं लिहिलेलं नसतंच," मी सोफ्यावरून म्हणाले.

"मग काकू, तुम्ही आणून द्या एखादी सवाष्ण. दहा मिनिटांत."

मी सोफ्यावरून हलले नाही. माझं कुंकू पुसून अकरा वर्षं झाली, मला कुणी बसवणार नाही. माझी सूनही नळाशी अडकलेली, आणि एखादीला मोकळं करायला तिच्या घरी पाणी भरायला मी जाणार नाही.

गोजरबाई बसली. पण ती कसली बसते! दोन घास खाल्ले आणि कढी उतू चालली म्हणून उठली. परत बसली, वडे करपतील म्हणून उठली. तिसऱ्यांदा कुकरची शिटी झाली, तशी डाव्या हातानं पदर सावरत गॅस बंद करायला धावली. घास तोंडात आणि जीव कढईत. पंचवीस मिनिटांत नवमी आटोपली. मोनिका ओटी भरून स्कूटीवर गेलीसुद्धा.

मग मी जे पाहिलं ते सांगते. गोजरबाईनं हात धुतले, पुसले, आणि वर न बघता डावा हात सगळ्यात वरच्या फळीवर घातला, जुन्या डब्यांच्या मागं. ठेंगणी बाई ती. टाचा उंचावून तिचा हात त्या फळीच्या कडेलासुद्धा पुरत नसे. त्या दिवशी पुरला. हात खाली आला तेव्हा त्यात पितळेची लहान पळी होती. लीलाबाईची फोडणीची पळी. मोनिकानं तीन वर्षांत तिच्यासाठी दोनदा स्वयंपाकघर उपसलं होतं.

"ही कुठं होती गं?" मी विचारलं.

"कोणती?" गोजरबाई म्हणाली. मग तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. अनोळखी माणूस घरात शिरलेला दिसावा, तसं पाहिलं.

मंगळवारी ती आमच्याकडं साडेनऊलाच हजर. मला वाटलं, एखादं घर चुकवलं हिनं. पण नाही, तिन्ही घरं आटोपून आली होती. मी मुद्दाम स्टूल घेऊन दारात बसले. उजवा हात पोळी लाटत होता, आणि त्याच वेळी डावा हात कांदा चिरत होता. एकामागून एक नाही, दोन्ही एकदम. पोळपाट इकडं, विळी तिकडं, आणि गोजरबाईची मान माझ्याकडं वळलेली. ती मला कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती. डावीकडं ती बघतसुद्धा नव्हती. कांदा असा बारीक पडत होता की मोजून घ्यावा. मी स्टूल हळूच मागं सरकवलं.

पस्तीस मिनिटांत सगळं तयार. माझी सून खूश. "मावशी, काय जादू केली?" जेवायला बसलो. मी आमटीचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

गूळ.

तीन वर्षांपूर्वी राख झालेल्या बाईच्या हातची आमटी मी ओळखणार नाही? याच आमटीवरून मी तिच्याशी तीस वर्षं भांडले होते.

चारही घरांत त्या आठवड्यात तीच चव होती. सुनांना त्याचं काही नव्हतं. डबे तासभर आधी भरून होत होते. शिवम तर ऑफिसला जाताना डबा उघडून वास घ्यायचा. सुखाचा आठवडा होता, फक्त कडुबाचा सोडून.

बुधवारी संध्याकाळी तो पाळीवरून सरळ माझ्याकडं आला. उंच, हडकुळा माणूस, तंबाखूची पुडी सोडली तर व्यसन नाही. पायरीवर बसला आणि डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. अर्धा तसाच होता.

"खाऊन बघा, काकू."

हिरव्या मिरचीचा ठेचा. मी बोटाला लावून चाटला. गोड.

"ठेच्यात गूळ!" मी म्हणाले. "कंपनीत हसले असतील."

"हसले ना. म्हनले, कडुबा, बायको बदलली का रं?" तो हसला नाही. "सोमवारपास्नं असंच हाय. येसरची आमटी कर म्हनलं, तर तिला येईना. पीठ हातात घेऊन उभी राहिली. किती घालायचं ते ठाव नाय म्हनं. मी म्हनलं, आगं तुझंच येसर हाय. तर रडाया लागली. आन् रडता रडता..."

"काय?"

"उजव्या हातानं तिखटाचा चमचा घेतला, तर डाव्या हातानं त्यो हात धरला. मनगटापाशी. घट. ती म्हनती, मी नाय धरलं. मी सोडवाया गेलो काकू, तर त्या हातानं मला ढकललं. माझी बायको हाय ती. तिनं कधी मला..." त्यानं डबा बंद केला. "तीन दिस झाले, मी पोटभर जेवलो नाय. पन माझं जाऊ द्या. तिच्या आईचं तेवढंच हाय तिच्यापाशी. त्येबी गेलं तर ती काय राहिली?"

मी बोटाला राहिलेला ठेचा पुसला.

गुरुवारी बिल्किस आली. बिल्किस मनियारीण, आमच्या भागात तीस वर्षं बांगड्या भरते, आणि बायकांच्या बातम्या माझ्यानंतर तिच्याकडंच असतात. पितृपंधरवड्यात हौसेनं बांगड्या कुणी भरत नाही, पण गोजरबाईच्या डाव्या हातातल्या बांगड्या सोमवारपासून आपोआप गळून पडत होत्या. पडायच्या, फुटायच्या. सवाष्णीचा हात मोकळा ठेवायचा नाही, म्हणून मीच तिला माझ्या अंगणात बोलावून घेतलं.

बिल्किसनं तिचा डावा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग उजवा दाबला. पुन्हा डावा.

"काकू, ये देखो. सीधे हाथ कू दो-छे का माप. उल्टे हाथ कू दो-चार. एक औरत के दो माप कैसे?"

"काम करून सुजला असेल उजवा."

"सुजन मेरे कू नक्को सिखाओ. हजारों हाथ दाबे मैं." तिनं गोजरबाईचा अंगठा उलटा केला. मुळाशी एक बारीक गाठ होती, हरभऱ्याएवढी. बिल्किसनं चटका बसल्यासारखा हात सोडला. "या अल्ला. ये हाथ तो मेरी गिऱ्हाईक का है. बरसों भरी मैं इसमें चुडियाँ."

"कुणाचा?" गोजरबाईनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

बिल्किसनं माझ्याकडं पाहिलं. मी मोनिकाच्या घराकडं पाहिलं. कुणी नाव घेतलं नाही. अंगणात भर दुपारचं ऊन होतं, आणि त्या उन्हात गोजरबाईचा डावा हात तिच्या मांडीवर बोटं आखडून बसला होता. आपल्याबद्दल काय बोलताहेत ते ऐकत असल्यासारखा.

"लीलाबाई जेवायला आली होती," मी म्हणाले. बोलता बोलताच मला उमगत होतं. "बोलावलं म्हणून आली. पाटावर बसली. पण पाटावरची बाईच स्वयंपाकीण. घास घेतला की उठली, घास घेतला की उठली. तिला जेवता कुठं आलं? तिला वाटलं, आपल्याला कामालाच बोलावलंय."

"म्हंजे ती उपाशी हाय," गोजरबाई म्हणाली.

"उपाशी आहे आणि कामाला लागलीय. तिची सवयच ती."

"मग आता?"

"रविवारी सर्वपित्री अमावस्या. त्या दिवशी कुणालाही जेवू घालता येतं. मोनिकानं आपल्या हातानं रांधायचं. तू बसायचं, नुसतं बसायचं. रविवार चुकला तर मग पुढच्या वर्षी."

गोजरबाईनं उजवा हात वर केला. त्या हातातली एक बांगडी सरकून बोटांपर्यंत आली. "काकू," ती म्हणाली, "ह्या बी सैल व्हायल्यात."

शुक्रवारी मी मोनिकाकडं गेले. दिवाणखान्यात शिवम होता. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मंगळवारी पहिल्या घासालाच कळलं. काकू, राहू द्या ना. मी तीन वर्षांनी आईच्या हातचं जेवतोय."

"आणि गोजरबाई?"

"त्यांचं काय बिघडलं? काम निम्म्या वेळात होतंय. हवं तर आणखी दोन घरं घेतील."

मी उठले. एवढा गोड बोलणारा मुलगा. अंगणात गोट्या खेळत असल्यापासून बघतेय. त्याला काय बोलायचं? जिन्यापर्यंत मोनिका आली.

"काकू, मी करीन स्वयंपाक," ती हळू आवाजात म्हणाली. "चहाचा डबा मी खालच्या फळीवर ठेवते. मंगळवारपासून रोज तो वरच्या फळीवर जातोय. काल मी मावशींसमोर खाली ठेवला. त्यांच्या डाव्या हातानं माझ्या हातावर फटका मारला. मावशी इतक्या घाबरल्या, माझ्यापेक्षा जास्त. म्हणाल्या, 'ताई, मी नाय.' मला माहीत होतं त्या नाहीत. तो फटका मी सहा वर्षं खाल्लाय."

"तुला वडे येतात का?"

"नाही. पण सकाळी सहाला लागते."

ती सहाला लागली आणि साडेबाराला उठली. मी मध्ये तीनदा जाऊन आले. फ्रीजमध्ये गोजरबाईचं वाटण होतं, लसूण सोललेला होता; मोनिकानं कशालाच हात लावला नाही. सगळं नव्यानं. कढी फुटली, वड्यांना भोकं पडली नाहीत, भोपळ्याचा लगदा झाला, खीर तळाशी लागली. आयुष्यात मी इतका वाईट स्वयंपाक इतक्या मनापासून केलेला पाहिला नाही. शिवम बेडरूमचं दार लावून बसला होता.

गोजरबाई बाराच्या सुमाराला आली. उजव्या हातात एकही बांगडी नव्हती. हिरवा दोरा बांधला होता. कडुबा तिला सोडून खाली पायरीवर बसला, वर यायला तयार नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात येताच तिचे दोन्ही हात पुढं गेले, ओट्याकडं. मी तिला खांद्याला धरून पाटावर बसवलं आणि डावा हात तिच्या मांडीवर दाबून धरला. थंड होता, नुकत्या धुतलेल्या भांड्यासारखा. माझ्या तळव्याखाली तो सारखा वळवळत होता. मोनिकानं भजी तेलात सोडली की त्याची बोटं उलटायला निघायची.

"सोडा मला," गोजरबाई म्हणाली. "गॅस मोठा हाय. करपतंय." मग ओठ चावून, "काकू, मी नाय बोलले. सोडू नका."

मोनिकानं ताट वाढलं. पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग ती पुढंच बसली, समोर.

"जेवा," ती म्हणाली. मग ताट जरा पुढं सरकवून, "जेवा आई."

गोजरबाईनं उजव्या हातानं घास घेतला. सावकाश. मागं तेल तडतडत होतं, कुणी उठलं नाही. एक वडा खाल्ला, भोपळा खाल्ला, कढीचा भुरका मारला. गल्लीत रविवारची मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांची आरडाओरड अगदी स्पष्ट ऐकू येत होती. आणि आमच्या खोलीत गोजरबाईच्या गळ्यातून आवाज आला, तिचा नाही. घोगरा, नाकातला, पुणेरी.

"मीठ कमी पडलंय गं. आणि गूळ कुठाय?"

मोनिका पांढरीफटक पडली, पण जागची हलली नाही. "घातला नाही, आई. मला नाही आवडत."

मग तो आवाज म्हणाला, "बरं. वाढ थोडी खीर."

बेडरूमचं दार उघडलं. शिवम बाहेर आला, चालत नव्हे, धडपडत, आणि पाटासमोर फरशीवर बसला. चाळिशीचा माणूस, मांडी घालून बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

"आई, थांब ना. जाऊ नको. मी दवाखान्यात उशिरा पोचलो गं. जाऊ नको."

माझ्या हाताखालचा डावा हात एका झटक्यात निसटला. अडवायची ताकद माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. तो शिवमच्या डोक्यावर गेला. केसांतून फिरला. मागं नेऊन कानाशी थांबला. असंच करायची ती. मी शंभर वेळा पाहिलंय.

ताटात एक घास उरला होता. ताकभाताचा.

गोजरबाईनं तो उचलला आणि हात अर्ध्यात थांबला. ती शिवमकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिचं स्वतःचं होतं, एवढं मला कळलं. खाल्ला नाही तर तो उद्यापासून रोज आईच्या हातचं जेवणार होता. खाल्ला नाही तर उजवा हातही जाणार होता. मी तोंड उघडलं, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला कुणी सांगावं असं काही नव्हतंच.

"दादा," ती म्हणाली, आपल्या आवाजात. "त्या दमल्यात. जेवल्यात आता."

शिवमनं मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, अजून मला सांगता येत नाही.

तिनं घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

मग पाटावर नुसती गोजरबाई होती, आणि तिचा हात एका परक्या पुरुषाच्या डोक्यावर होता. दोघांनाही ते एकदमच समजलं. तिनं हात असा ओढून घेतला की ताट कलंडलं. शिवम तोंड फिरवून डोळे पुसू लागला. मोनिका उठून गॅस बंद करायला गेली; भज्यांचा कोळसा झाला होता.

"उठते मी," गोजरबाई म्हणाली. पदर डोक्यावर ओढत, कुणाकडं न बघता. "घरी भाकरी टाकायच्या हायत."

तिनं भांडी घासली नाहीत, ओटा पुसला नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती कठड्याला धरून, दमलेल्या बाईसारखी जिना उतरली.

मला रात्री झोप लागली नसती, म्हणून संध्याकाळी चारलाच मी मुकुंदवाडीला गेले. रिक्षाला सुट्टे नव्हते, ते माझ्या सुनेच्या पर्समधून घेतले. त्यांच्या दारातच बसले. गोजरबाई चुलीसारख्या लहान शेगडीपुढं होती. येसर घ्यायला तिनं डब्यात हात घातला, तो तिथंच राहिला, मी श्वास धरला, आणि मग तो मूठ भरून बाहेर आला. पाव मूठ परत टाकली. लसूण ठेचायला वेळ लागला. भाकरी थापताना डावा तळवा अजून जडच होता. भाकरी कडेला फाटली, दोनदा मोडून पुन्हा थापली. एकूण एक तास दहा मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

कडुबापुढं ताट आलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. गोजरबाई पाठ करून तवा खरवडत होती, खरवडायला त्यात काही नसताना. मी पुढं वाकून त्याचं तोंड बघत होते. तो चावत होता. दुसरा तुकडा. तिसरा. त्याच्या नाकातून पाणी आलं, त्यानं बाहीनं पुसलं, आणि रिकामी वाटी मागं न बघता बायकोकडं सरकवली.

वाटी भरताना ती हसली की रडली ते मला दिसलं नाही. कडुबानं मध्येच माझ्याकडं पाहिलं.

"घरी जा की काकू आता," तो म्हणाला. "असं तोंडाकडं बघत बसल्यावर मानूस जेवल कसा?"